काजळावरचा आळ

१

काउंटीच्या आरोग्यखात्याच्या नर्सबाईंनी काजळाची डबी चिमट्यानं उचलली. हातात मोजे होते, तरी चिमट्यानं. डबी प्लास्टिकच्या पिशवीत टाकली, पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलं आणि सुलेखाकडे वळून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "धिस. इज. पॉइझन. यू अंडरस्टँड?"

सुलेखाला चांगलंच अंडरस्टँड होत होतं. लग्नाआधी ती नागपूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. शिशाचे क्षार तिनं पोरांकडून घोटून घेतले होते. नवऱ्याच्या, प्रसन्नच्या, व्हिसाचं शेपूट धरून अमेरिकेत ईडन प्रेरीत आल्यापासून तिला केमिस्ट्रीतलं कुणी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं, तेही असं.

"ह्यात शिसं नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "माझ्या आईनं घरी धरलेलं काजळ आहे. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची ताटली. काजळी आणि तूप, बास. बाजारातला सुरमा वेगळा. लॅबमध्ये तपासा ना!"

"तपासू. लॅबला वेळ लागतो."

"हेच काजळ मी रोज घालते. माझं रक्त तुम्हीच तपासलंत, माझ्या नवऱ्याचंही. दोघांचं स्वच्छ आहे."

"मोठी माणसं डोळे चोळून बोटं तोंडात घालत नाहीत," नर्सबाई म्हणाल्या. नाव त्यांचं मिसेस नायलँड. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांचं मत ठरलेलं होतं, एवढंच. "पहिल्या रिपोर्टनंतर मी काजळ बंद करा म्हणाले होते. दुसऱ्या रिपोर्टमध्ये शिसं वाढलंय. आणि डबी तुमच्या खणात सापडते."

"माझ्यासाठी ठेवलीय! विनीला लावलं नाही मी त्या दिवसापासून!"

विनीता, सगळ्यांची विनी, टेबलाखाली बसली होती. दोन वर्षांचीही झालेली नव्हती. उन्हाळ्यात घरभर धावणारी पोर आता चालता चालता मटकन बसायची, पोट धरून कण्हायची, घासाला तोंड फिरवायची. रक्तात शिसं, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून सुलेखानं घर पालथं घातलं होतं. घर नवं, भिंतींचा रंग नवा, भांडी स्टीलची. काही म्हणजे काही सापडलं नव्हतं.

खुर्चीत बसलेल्या गुरुदत्तकाकांनी घसा साफ केला. काका म्हणजे हृदयाचे मोठे डॉक्टर, मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि नात्याचे कुणी नसून सगळ्यांचे काका. नर्सबाईंशी नीट बोलायला कुणी हवं म्हणून प्रसन्ननं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

"आय हॅव टोल्ड दीज गर्ल्स," काका नर्सबाईंना म्हणाले. "जुन्या रूढी. सुटत नाहीत लवकर."

सुलेखाला वाटलं, कुणीतरी भर सभेत आपली वेणी ओढली.

"काका! तुम्ही सांगताय हे? तुमच्या आईनं तुम्हाला लावलं नव्हतं काजळ?"

"अगं, मी तुझ्याच बाजूनं बोलतोय. मान्य कर, म्हणजे मिटेल."

मिटलं नाही. नर्सबाई उठता उठता म्हणाल्या, शुक्रवारी त्या आपल्या साहेबांना घेऊन येणार. तोवर शिसं कुठून येतंय ते कळलं नाही, तर मुलीला काही काळ दुसऱ्या सुरक्षित घरी ठेवावं लागेल.

प्रसन्न चटकन म्हणाला, "मग काका-काकूंकडे राहू दे की! तशीही ती मंगळवार-गुरुवार तिथेच असते, सुलेखा क्लासला जाते तेव्हा. डॉक्टरचं घर आहे, काउंटी नाही म्हणणार नाही."

नर्सबाईंनी मान डोलावली. छान कल्पना.

काकांनी मात्र कपाळावरून रुमाल फिरवला. "आमच्याकडे... नको. म्हणजे, आता थंडी सुरू होतेय. बघू."

मध्यरात्री एअरपोर्टवरून लोकांना घरी आणणारा, महिना महिना पाहुणे पोसणारा हा माणूस. विनीला तो नको म्हणाला?

२

शेजारच्या गॅरेजमधलं शिसं सुलेखाला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. शेजारचा व्हर्न, साठी उलटलेला, कारखान्यातून रिटायर झालेला, गॅरेजचं दार सताड उघडं टाकून एका लहानशा विजेच्या भट्टीसमोर बसला होता. भट्टीत चांदीसारखं काहीतरी चमकत होतं. सुलेखा विनीला कडेवर घेऊन उभी होती. ती तशीच कुंपणापाशी गेली.

"ते काय आहे?"

"शिसं," व्हर्न म्हणाला. "गोळ्या ओततोय. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो ना."

सुलेखाचा तोल गेला. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं त्या म्हाताऱ्यावर कोसळलं. माझी पोर मरतेय, तू खुशाल शिसं उकळतोयस, तुमची ती नर्स माझ्या आईचं काजळ चिमट्यानं उचलते, तुझी भट्टी तिला दिसत नाही! इंग्रजी संपलं तेव्हा ती मराठीत ओरडली. विनी घाबरून रडू लागली.

व्हर्ननं बटण बंद केलं. हातमोजे काढले, बाहेरच्या नळावर साबणानं हात धुतले, बूट बदलले, मग कुंपणापाशी आला.

"मुलीला इथवर आणू नकोस," तो शांतपणे म्हणाला. "तिला आत ठेवून ये, मग मला हव्या तितक्या शिव्या दे."

प्रसन्न अजून ऑफिसला निघाला नव्हता. विनीला त्याच्याकडे देऊन सुलेखा परत आली. राग तसाच होता, फक्त आता त्याला धार आली होती.

"माझा नातू ह्याच घरात राहतो," व्हर्न म्हणाला. "मी हा उद्योग करतो म्हणून दर वर्षी त्याचं रक्त तपासून घेतो. एकदाही काही निघालं नाही. माझ्या गॅरेजमधून उडत असेल तर आधी तो आजारी पडेल, मग तुझी मुलगी. ती तर इथे कधी आलेलीच नाही."

हिशेब बरोबर होता, आणि म्हणूनच सुलेखाला तो आवडला नाही. "शिसं ते शिसं," ती म्हणाली.

"छे! शिसं ते शिसं नसतं बाई. रायफलसाठी कुठलं ओतायचं, हाच तर सगळा खेळ." व्हर्नच्या डोळ्यांत शिकवणाऱ्याची चमक आली, सुलेखाला ती ओळखीची होती. "निव्वळ शिसं मऊ. नखानं ओरखडा उठतो बघ. जुन्या, सावकाश बंदुकीला ते चालतं. रायफलीच्या वेगाला टिकत नाही, नळीला आतून माखून बसतं. नेम गेला."

"मग अँटिमनी घालायचं. कडकपणासाठी."

व्हर्न थबकला. "तुला माहितीय?"

"मी केमिस्ट आहे," सुलेखा म्हणाली. पुष्कळ दिवसांनी म्हणाली.

मग तो मोकळाच झाला. अँटिमनी कडकपणाला, थोडं कथील साचा नीट भरायला. तो स्वतः गाड्यांच्या चाकांना लावतात ती वजनं वितळवायचा, टायरवाला देतो. मध्यम कडक, बऱ्याच कामांना पुरे. त्याहून सरस हवं तर छापखान्याचं शिसं, त्यात अँटिमनी आणि कथील दोन्ही भरपूर. "पण छापखाने सगळे शिसं सोडून फोटोनं छापायला लागले. ते शिसं आता मिळतंय कुणाला? ज्याच्याकडे असेल तो शेजाऱ्याला सांगणारसुद्धा नाही."

"आणि हाती आलेलं शिसं कुठलं, हे ओळखायचं कसं?"

व्हर्ननं खिशातून पेन्सिली काढल्या. ड्रॉइंगवाले वापरतात तशा, मऊपासून कडकपर्यंत. टोक सपाट घासून धातूवर रेटायचं. जी पेन्सिल धातूत रुतते, तेवढा तो धातू कडक. त्याच्या गोळीत मधली पेन्सिल रुतली.

"आम्ही हिला शिसपेन्सिल म्हणतो," सुलेखा नकळत म्हणाली. "आत शिसं नसतंच. नुसतं नाव."

स्वतःच्याच तोंडून निघालेलं ते वाक्य तिला उगाच बोचत राहिलं. नाव एकाचं, आत वस्तू दुसरीच.

३

गुरुवारी ती क्लासला गेलीच नाही. विनीला घेऊन सुहासिनीकाकूंकडे गेली आणि तिथेच बसून राहिली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: आई-बापाचं रक्त स्वच्छ, म्हणजे शिसं आमच्या घरात नाही. मग विनी आणखी कुठे जाते?

पण काकूंकडे बघून संशय घेणाऱ्याची जीभ झडावी अशी ती बाई. विनी दिसताच काकूंचा चेहरा उजळला. "आली गं माझी साय!" त्यांनी तिला कडेवर घेतलं आणि लगेच ओट्यावर टेकवलं. "हल्ली हात भरून येतात बघ. पोटातही कळा येतात. वय झालं."

"डॉक्टर नवरा असून दुखणं अंगावर काढताय होय?"

"छे गं. विनीचं कळलं त्याच आठवड्यात ह्यांनी माझंही रक्त काढून नेलं हॉस्पिटलात. आयर्न कमी आहे म्हणे. गोळ्या दिल्यात." काकूंनी वरण-भात कालवायला घेतला. "घास खात नाही ना तुझ्याकडे? माझ्याकडे खाते. रोज पाठवलीस तरी चालेल. मागल्या आठवड्यात तू दवाखान्याच्या चकरा मारत होतीस तेव्हा सलग चार दिवस जेवली इथे."

"काका कुठायत? आज सुट्टी ना?"

"खाली. त्या मंडळाच्या खिळ्यांचा पसारा पडलाय ना तळघरात वर्षानुवर्षं, तो निस्तरतायत. आता कोण वापरतंय ते खिळे, वितळवून टाकतो म्हणाले. खाली कुणी फिरकायचं नाही. मला तर झाडायलाही बंदी आहे! इतकी वर्षं संसार केला, पहिल्यांदाच हा माणूस मला केर काढू नकोस म्हणतोय." काकू हसल्या. "पुढच्या महिन्यात डॉक्टर मंडळींबरोबर उत्तरेला केबिनवर जायचंय, त्याआधी घर आवरायचं खूळ. दर नोव्हेंबरात जातात. मासे धरायला. एक मासा आणला असेल तर शप्पथ! अर्थात माझ्या शाकाहारी घरात आणतील कुठे?"

विनीनं भोकाड पसरलं. सुलेखा तिला उगी करण्यात गुंतली. काकूंनी लोखंडी फोडणीची पळी गॅसवर ठेवली, तूप सोडलं, जिरं टाकलं. चर्र झालं. वास आला, विनी थांबली.

"मोठ्यांची फोडणी कढईत. ही पळी फक्त माझ्या सायीची," काकू म्हणाल्या आणि तुपाची धार वरण-भातावर सोडली. "ही जेवली की उरलेलं मी खाते. उष्टं टाकवत नाही गं."

सुलेखाचं लक्ष पळीकडे गेलं. काळीकुट्ट लोखंडी पळी, पण ओठावर, जिथून धार पडते तिथे, चंदेरी झाक.

"काकू, लोखंडाला कल्हई केलीत?"

"लोखंडाला कोण कल्हई करतं, वेडे? ह्यांनी घासली असेल. हल्ली भांडीसुद्धा घासतात तुझे काका."

काकू घास करून विनीच्या तोंडापुढे नेत होत्या. सुलेखाला का ते कळलं नाही. तिनं काकूंचं मनगट धरलं.

"नको. आज... आज तिचं पोट बिघडलंय."

काकूंचा घास हवेत तसाच राहिला. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते बघवेना. विनीला उचलून सुलेखा बाहेर पडली, ती मागे न बघता.

४

संध्याकाळी घरी वरणाला फोडणी देताना तिनं स्वतःची पळी दिव्याखाली धरली. नागपूरहून आणलेली, तशीच लोखंडी. आतून काळी, बाहेरून काळी, ओठ काळा.

लोखंडाला नुसतं शिसं चिकटत नाही. पण त्यात कथील असेल तर? कल्हईवाला भांड्यावर फिरवतो ते कथीलच की.

"प्रसन्न," तिनं विचारलं, "खिळे वितळवायला काय लागतं?"

प्रसन्न पेपरमधून वर बघत म्हणाला, "खिळे? फाउंड्री लागते यार. लोखंड पंधराशे डिग्रीला वितळतं. का गं?"

"काका तळघरात खिळे वितळवतायत."

"काहीतरीच. घरात कुणी खिळे वितळवतं का? काकू काहीतरी चुकीचं बोलल्या असतील."

काकू चुकीचं बोलल्या नव्हत्या. सुलेखाच्या हातातली पळी तशीच राहिली, जिरं जळालं. तिला तिच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ आठवलं. सीताबर्डीवरचा छापखाना, काळ्या बोटांचा मालक, आणि त्याचं बोलणं: ताई, 'क्ष' उमटत नाही, खिळा तुटलाय.

खिळे! भिंतीत ठोकायचे नव्हेत. छापायचे. धातूची सुटी अक्षरं, जुळाऱ्यानं एकेक उचलून ओळ जुळवायची ती. मंडळाचा दिवाळी अंक आता झेरॉक्सवर निघत होता, पण पहिले अंक काकांनी पुण्याहून खिळे मागवून इथेच छापले होते. गणपतीत दर वर्षी ती कौतुककथा ऐकावी लागायची. काकूंनी अगदी नेमका शब्द वापरला होता. ऐकणारीनं मात्र डोक्यात गणपतीच्या मखराचे खिळे ठोकून घेतले.

शिसं, अँटिमनी, कथील.

शुक्रवारी सकाळी प्रसन्ननं ऑफिसला दांडी मारली आणि विनीजवळ बसला. काका हॉस्पिटलला निघून गेले असतील अशा बेतानं सुलेखा काकूंकडे गेली. "आमची पळी मोडली, तुमची द्या जरा," म्हणाली. खोटं बोलताना तिला लाज वाटली, काकूंनी वर तुपाची बरणीही दिली म्हणून जास्तच. तिथून ती तडक व्हर्नच्या गॅरेजपाशी.

व्हर्ननं पळी उलटसुलट केली आणि शीळ घातली. "सुंदर पळी आहे. ओतायला इतकी नेमकी धार असलेली मला दुकानात मिळाली नाही. कोण ओततंय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हे काय." पळीच्या दांड्याच्या सांध्यात धातूचा एक थेंब गोठून बसला होता, मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा. व्हर्ननं तो चाकूच्या टोकानं काढला, चिमट्यात धरून घासून सपाट केला. मधली पेन्सिल घेतली. घसरली. पुढची घेतली. तीही घसरली. सगळ्यात कडक टोकाची पेन्सिल रेटली तेव्हा कुठे बारीक ओरखडा उठला.

"छापखान्याचं," व्हर्न म्हणाला. मग त्यानं सुलेखाकडे पाहिलं. "ही पळी स्वयंपाकघरातली वाटतेय. बाई... हिच्यात कुणी अन्न शिजवतं का?"

सुलेखानं पळी त्याच्या हातून काढून घेतली आणि घराची वाट धरली. 

५

नर्सबाई दुपारी येणार होत्या. सुलेखानं काका-काकूंना आधी बोलावून घेतलं. विनीला आतल्या खोलीत निजवलं, दार लोटलं. चहा ठेवला नाही. मराठी घरात पाहुणा बसलाय आणि चहा नाही, ह्यातच काकांना बहुतेक काय ते कळलं.

तिनं पळी टेबलावर ठेवली.

"काका, तुम्ही दर नोव्हेंबरात मासे धरायला जात नाही. हरणं मारायला जाता. ह्या भागात नोव्हेंबरात डॉक्टर मंडळी केबिनवर कशाला जातात ते माझ्या शेजाऱ्याला विचारा. मारा. मला हरणांचं काही म्हणायचं नाही. पण गोळ्या तुम्ही घरी ओतता, मंडळाच्या खिळ्यांच्या, आणि ओतायला ही पळी वापरता. ओतून झालं की धुऊन वर ठेवता. शिसं धुऊन जातं, काका?"

"सुलेखा!" प्रसन्न उठलाच. "कुणाशी बोलतेयस?"

"विनीच्या फोडणीच्या पळीत शिसं वितळवणाऱ्या माणसाशी."

काकूंना पहिलं वाक्य कळलं नव्हतं. हे कळलं. त्या पळीकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, ज्यानं घास भरवले होते त्या.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ही माझ्या सायीची पळी."

काकांचा रुमाल बाहेर आला. "मुलीला मी कधी खाली येऊ दिलेलं नाही. दाराला कडी असते. पळी... ती जवळ होती, घेतली. घासून ठेवायचो. स्वयंपाकात जात असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा..."

"झालं तर मग," प्रसन्न म्हणाला. सुटल्यासारखा. "चुकून झालं. काका काही मुद्दाम..."

"थांब," सुलेखा म्हणाली. "मीही तेच म्हटलं असतं. चूक झाली, रडले असते, गप्प बसले असते. पण काका, विनीचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात तुम्ही काकूंचं रक्त का नेलंत?"

काकांनी रुमालाची घडी घातली.

"आयर्नसाठी नाही. तुम्हाला तेव्हाच शंका आली. आणि निघालं ना रक्तात? म्हणून तळघर झाडायला बंदी. म्हणून विनी तुमच्या घरी राहायला नको. धुळीतून जात असेल असं वाटलं तुम्हाला, पळी सुचली नाही. ठीक आहे. पण एक गोष्ट तुम्हाला पक्की माहिती होती." ती टेबलावर वाकली. "काकू काजळ घालत नाहीत! काकूंच्या रक्तात शिसं निघालं त्या दिवशी तुम्हाला कळलं की काजळ निर्दोष आहे. आणि त्यानंतर तुम्ही ह्या खुर्चीत बसून त्या बाईला सांगितलंत, जुन्या रूढी सुटत नाहीत. माझ्या तोंडावर. माझ्या आईच्या हातच्या काजळावर."

"आकडा फार नव्हता तिचा," काका पुटपुटले. "आणि थोड्याच दिवसांचा प्रश्न होता. सीझन संपला की मी सगळं बंदच करणार होतो."

"सीझन संपला की."

"तू समजून घे. मंडळाचा अध्यक्ष, शाकाहारी घर, आणि डॉक्टर असून घरात शिसं... हॉस्पिटलात कळलं तर माझ्या लायसन्सवर येईल. मुलीला काय औषध लागेल ते मी बघतो. इंजेक्शनं, स्पेशालिस्ट, सगळं. आपण आपसात मिटवू. काउंटीला काजळ मिळालंय, ते त्यांना पुरे आहे."

"आणि माझी पोर? तिला ते कुठल्या परक्या घरात नेऊन ठेवणार?"

"सुलेखा, एक लक्षात घे," प्रसन्न खालच्या आवाजात म्हणाला. "आपण आलो तेव्हा ह्यांनीच आपल्याला उभं केलं. घर ह्यांच्या शब्दावर मिळालं."

"मिळालं. म्हणून लेक द्यायची?"

 आतल्या खोलीत विनी झोपेत कण्हली. ते कण्हणं सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवायला कुणाला जागाच नव्हती.

काकू उठल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "माझं रक्त काढलं तेव्हा माझा हात धरला होता ह्यांनी. दुखतंय का, विचारलं." मग त्या काकांच्या खुर्चीपासून लांब, भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पळी मात्र त्यांनी उचलली नाही, कुणाला उचलूही दिली नाही, काकांचा हात तिकडे जाताच म्हणाल्या, "ठेवा खाली. ती आता पोरीच्या आईची आहे."

सुलेखानं भिंतीवरच्या फोनवर नंबर फिरवला. "मिसेस नायलँड? हो, मीच. निघायच्या आधी एक ऐकून घ्या. डॉक्टर बोलतील."

रिसीव्हर तिनं पुढे केला. वायर टेबलापर्यंत पोचत नव्हती. काका बसून राहिले, वायर न पुरण्याचा आधार धरून. तेव्हा प्रसन्न उठला. त्यानं टेबलच फोनच्या बाजूला ओढलं, काकांच्या खुर्चीसकट फरशी करकरली, आणि तो सुलेखाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

काकांनी रिसीव्हर घेतला. ताठ बसले. आवाज आला तो हॉस्पिटलमधला, इस्त्रीचा. "गुड आफ्टरनून. आय अ‍ॅम कॉलिंग रिगार्डिंग अ पीडिअ‍ॅट्रिक पेशंट. देअर मे हॅव बीन सम एक्स्पोजर..."

सुलेखानं माउथपीसवर हात ठेवला. "पेशंट नाही. एक्स्पोजर नाही. काय केलंत ते सांगा, आणि कुणाला केलंत तिचं नाव घ्या."

"सुलेखा, प्लीज..."

"नाव."

तिनं हात काढला. पलीकडून "हॅलो? हॅलो?" ऐकू येत होतं. काकांनी पळीकडे पाहिलं. बोलले तेव्हा इस्त्री मोडलेली होती.

"मी माझ्या घरात शिसं वितळवलं. ह्यांच्या काजळात काही नाही. ते मला ठाऊक होतं. मी... विनीता..." आवाज फाटला, तसे ते मोठ्यानं म्हणाले, "विनीता!"

लोटलेल्या दारामागून, झोपेनं जड झालेल्या आवाजात, उत्तर आलं.

"ओ!"